बेकाचं पान

त्सिउरी मावशींनी नळीत थुंकायला साफ नकार दिला.

"पाहुण्यांसमोर थुंकू?" त्या म्हणाल्या. "आमच्यात नाही असं करत. तुमच्यात करतात का?"

कस्तुरी धुमाळला हसू आवरेना. वाईच्या बाजारपेठेतून एक चक्कर मारली असती, तर मावशींना या प्रश्नाचं उत्तर भिंतीभिंतीवर दिसलं असतं. पण परदेशात आलं की देशाची अब्रू आपल्याच डोक्यावर येते, म्हणून ती गप्प बसली.

"मावशी, थुंकी नव्हे, लाळ. अगदी थोडीशी. मग यंत्राला कळेल की या तुम्ही, आणि ते तुम्हाला मोजणीतून वगळेल."

"मला? माझ्याच घरातून?"

"मोजणीतून फक्त."

शेवटी मावशींचा मुलगा गोचा पुढे झाला. चाळिशीचा, आडव्या अंगाचा, फारसं न बोलणारा. त्यानं मुकाट्यानं आपली नळी भरून दिली. मुलाला जमतं आणि आपल्याला जमत नाही, हे मावशींना सोसेना. त्यांनी पाठ फिरवली, पदर नसल्यामुळे डोईचा रुमाल तोंडाशी धरला, आणि नळी भरली.

कस्तुरी ज्या विद्यापीठात पर्यावरणशास्त्र शिकत होती, तिथली पद्धतच अशी. वर्गात एक सत्र, बाकीची तीन बाहेर. कुठल्यातरी दूरच्या गावात एका घरी राहायचं, घरातलं पडेल ते काम करायचं, सणवार त्यांच्यासोबत साजरे करायचे आणि त्यातून वेळ काढून संशोधन करायचं. तिच्या वाट्याला जॉर्जिया देशातलं स्वानेती आलं. कॉकेशसच्या डोंगरातलं त्स्वेरी नावाचं गाव. घराघराला लागून एकेक दगडी मनोरा, वर हिमनदी, आणि हिमनदीतून उतरणारा ओढा थेट मावशींच्या अंगणातून जाणारा. कानात दुभाषी बसवलेला होता. तो आकाशवाणीच्या बातम्यांसारखं मराठी बोलायचा, त्यामुळे गाईला चारा घाल असं मावशींनी सांगितलं तरी राष्ट्राला उद्देशून भाषण चाललंय असं वाटायचं. दोन महिन्यांत कस्तुरीला तिथली भाषा बरीचशी कळू लागली, तेव्हा तिनं सुटकेचा निःश्वास टाकला. मोठ्या बाईला मावशीच म्हणायची तिथली रीत होती. तेवढं तिला कुणी शिकवावं लागलं नाही.

यंत्राचं कागदोपत्री नाव लांबलचक होतं. विद्यार्थी त्याला नुसतं 'नाक' म्हणायचे. दिसायला कुकरच्या डब्याएवढं. हवा किंवा पाणी आत ओढायचं, गाळायचं, आणि कोण कोण येऊन गेलं ते सांगायचं.

प्रत्येक सजीव जिथे जातो तिथे काही ना काही सांडत जातो. कातडीचे कण, केस, शिंकेचे थेंब. त्या प्रत्येक कणात त्याचा डीएनए असतो. ओंजळभर पाणी तपासलं की वरच्या डोहात ट्राउट मासे आहेत, काल अस्वल पाणी पिऊन गेलं, हे कळतं. इथपर्यंतचं शास्त्र कस्तुरी शाळेत होती तेव्हाच जुनं झालेलं होतं. नाकाची खरी करामत पुढची. डीएनए चिवट असतो. प्राणी मरून गेला तरी मागे राहतो, बर्फात तर हजारो वर्षं टिकतो. पण पेशी जिवंत असते, तेव्हा ती त्या डीएनएवरून कामाच्या छोट्या छोट्या चिठ्ठ्या लिहीत असते. त्या चिठ्ठ्या म्हणजे आरएनए. त्या फार नाजूक. पेशी मेली की नव्या चिठ्ठ्या बंद, आणि जुन्या काही तासांत विरून जातात. नाक दोन्ही वाचायचं. चिठ्ठ्या सापडल्या तर पडद्यावर हिरवा ठिपका: हा जीव आत्ता, इथे, जिवंत होता. नुसता डीएनए सापडला तर करडा ठिपका: होता, कधीतरी.

माणसांच्या बाबतीत मात्र नियम कडक होते. घरातल्यांची लाळ घ्यायची ती त्यांचे कण नमुन्यातून वजा करता यावेत म्हणून. त्यांचे ठिपके पडद्याच्या खालच्या पट्टीत वेगळे दिसायचे. अनोळखी माणूस सापडला तर त्याचं नोंदलेल्यांशी रक्ताचं नातं किती तेवढं यंत्र दाखवायचं, कारण त्याशिवाय वजाबाकी जमत नसे. पण ते कुणालाही सांगायचं नाही. कस्तुरीनं तशी सही केली होती. बोललं तर पदवी गेली.

मावशींना यातलं बाकी काही कळलं नाही, पण ठिपके फार आवडले. रोज सकाळी चुलीपाशी ठेवलेल्या नाकाकडे त्या वाकून बघायच्या.

"मी हिरवी आहे ना?"

"हिरवीगार, मावशी."

"मग पाव करायला हरकत नाही," म्हणून त्या पिठाला लागायच्या.

एक नाक घरात आणि दुसरं ओढ्यात. ओढ्यातल्या नाकानं ऑक्टोबरात पहिल्यांदा ते दाखवलं.

अनोळखी मानव. पुरुष. करडा. त्सिउरींशी नातं: निम्मं, म्हणजे पोटचं मूल. गोचाशी: सख्खा भाऊ.

कस्तुरीनं गाळणी बदलली. नळ्या उकळल्या. घरापासून दूर, जिथे माणसाचा वावर नाही अशा जागी, थेट हिमनदीच्या तोंडाशी जाऊन पाणी भरलं. तिथे ठिपका जास्तच ठळक झाला. गेल्या काही वर्षांच्या उन्हाळ्यांनी ती हिमनदी इतकी वितळवली होती, की पूर्वी जिथे बर्फ होता तिथे आता नुसता चिखल आणि गोटे होते. बर्फाच्या पोटात कोणीतरी होतं, आणि ते आता थोडं थोडं खाली येत होतं.

तिनं प्राध्यापकबाईंना कळवलं. पडद्यावर त्या चष्मा काढून बराच वेळ डोळे चोळत बसल्या. "हे तू पाहिलेलंच नाहीस," त्या म्हणाल्या. "दया येते आहे ना? येऊ दे. सही मोडू नकोस."

तो कोण हे विचारावं लागलं नाही. चुलीवरच्या भिंतीवर त्याचा फोटो होता. कुरळ्या केसांचा, एक दात किंचित पुढे आलेला, कॅमेऱ्याला हसणारा मुलगा. बेका. गोचाचा धाकटा भाऊ. लाकडं फोडता फोडता गोचानं ती हकिगत सांगितली.

"त्याला परदेशी जायचं होतं. वडील म्हणाले, गुरं कोण बघणार. शब्दाला शब्द वाढला, वडिलांनी हात उचलला. तो तसाच निघाला. रस्त्यानं नाही, वरून. हिमनदी ओलांडली की खिंड, खिंडीपलीकडे दुसरा देश. तेव्हा पुष्कळ जण असे जायचे."

"पोचल्याचं कळवलं नाही?"

"नाही." गोचानं एक घाव घातला. "आई म्हणते, रागावलाय. बापासारखाच हट्टी आहे. वडील गेले, तरी तिचं म्हणणं, त्याला कोण कळवणार, कळलं की येईल. मला काय वाटतं ते मी एकदाच बोललो. ती ईस्टरपर्यंत माझ्याशी बोलली नाही."

त्या दिवशी संध्याकाळी मावशींनी ओढ्याच्या पाण्याचा चहा केला. कप ओठांपर्यंत नेऊन कस्तुरी थांबली. हे पाणी घरातले सगळे वर्षानुवर्षं पीत होते. पाव त्याच पाण्यात मळला जात होता. मावशी समोर बसून कौतुकानं बघत होत्या. पोरीला चहा आवडतो म्हणून त्यांनी तो मुद्दाम शहरातून आणवला होता. कस्तुरीनं डोळे मिटून चहा पिऊन टाकला. तिला रडू आलं, तर मावशींना वाटलं जीभ भाजली.

जानेवारीत त्यांच्याकडे पितरांचा सण असतो. त्या दिवसांत घरातले मेलेले लोक घरी येतात, राहतात, जेवतात, आणि मग त्यांना निरोप देतात. मेज त्यांच्यासाठी मांडायचं, घरच्यांनी बाजूला उभं राहायचं, त्यांचं झालं की मग आपण बसायचं. कस्तुरीला हे ऐकून परकं वाटलंच नाही. आपल्याकडे कावळा, यांच्याकडे दार. फरक काय तो एवढाच, असं तिनं आईला फोनवर सांगितलंसुद्धा.

सणाच्या संध्याकाळी मावशींनी मेजाचं काम तिच्यावर सोपवलं. राजमा शिजला होता, अक्रोड फोडून झाले होते, पाव चुलीतून नुकता निघाला होता.

"चार वाडगे," मावशी स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "माझा सासरा, सासू, नवरा, आणि छोटा वाडगा माझ्या मुलीचा. ती पाळण्यातच गेली."

कस्तुरीनं चार वाडगे मांडले. मग पाचवा घेतला.

यात तिनं काही विचार केला नाही, आणि नेमकी तीच चूक झाली. वाईला त्यांच्या घरी सर्वपित्रीला एक पान जास्त वाढायची रीत होती. आजोबांचे एक भाऊ तरुणपणी घर सोडून गेलेले. मेले की आहेत कुणाला ठाऊक नाही. तिथी माहीत नाही म्हणून त्यांचं पान त्या दिवशी. ते वाढताना कुणी रडत नसे, कुणी काही बोलत नसे. उलट पान राहिलं तर आजी रागवायची, बिचारा उपाशी जाईल म्हणायची. इतके महिने कस्तुरी तोंडाला कुलूप घालून वावरत होती. तिला वाटलं, बोलायची बंदी आहे, वाढायची कुठे आहे? कुणालाही न सांगता त्या मुलाला चार घास मिळतील. पाचव्या वाडग्यात तिनं राजमा वाढला आणि बाजूला पावाचा तुकडा ठेवला.

मावशी मेणबत्त्या घेऊन आल्या आणि मेजाशी थबकल्या.

"हे कुणाचं?"

कस्तुरीच्या तेव्हा कुठे लक्षात आलं. इथे पान वाढणं म्हणजे तो मेला म्हणणं.

"मावशी, चुकून... आमच्याकडे एक जास्तीचं असतं..."

"तुझ्या हातून चुकून काही होत नाही. गाईंच्या बादल्यासुद्धा तू मोजून ठेवतेस." मावशींचा आवाज अगदी हळू होता. "कुणाचं, पोरी?"

गोचा दारात उभा होता. त्याच्याकडे बघून कस्तुरीला कळलं की त्यालाही ऐकायचं आहे, कितीतरी वर्षांपासून ऐकायचं आहे. तिनं पदवीवर पाणी सोडलं आणि सगळं सांगितलं. ओढा, हिमनदी, करडा ठिपका. निम्मं नातं.

मावशी बाकावर बसल्या. रडल्या नाहीत. मेणबत्त्या मांडीवर घेऊन त्या एकेकीची वात सरळ करत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे तो गेलाच नाही. इथेच होता. आणि मी त्याला दगड मनाचा म्हणत राहिले."

गोचा येऊन आईच्या पायाशी बसला आणि त्यानं तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. एवढा थोरला बाप्या हुंदके देऊन रडत होता. त्या क्षणी कस्तुरीला वाटलं की आपण योग्य तेच केलं.

मग मावशी उठल्या. "राजमा गार होतोय," म्हणाल्या.

दार सताड उघडलं गेलं. बाहेर बर्फावर संध्याकाळचा निळसर उजेड होता. घरचा कर्ता म्हणून गोचा मेणबत्ती घेऊन उंबऱ्याबाहेर उभा राहिला, आणि मावशींनी आतून एकेकाला नावानं बोलावलं. सासऱ्यांना, सासूबाईंना, नवऱ्याला. लहानगीला कुणीतरी कडेवर घेऊन या म्हणाल्या. आणि मग, लांब रानात गेलेल्या पोराला जेवायला हाक मारतात तशी, सगळ्या दरीला ऐकू जाईल अशी त्यांनी हाक मारली.

"बेकाऽऽ!"

गोठ्यातल्या गाई एकदम गप्प झाल्या. गोचा आत आला आणि तिघं भिंतीला लागून उभी राहिली. त्या वेळात बोलायचं नसतं. कस्तुरीच्या नाकाला ओल्या लोकरीचा वास आला. गोचाचा कोट असेल, तिनं स्वतःला सांगितलं. सवयीनं तिची नजर चुलीपाशी गेली.

पडद्यावर अनोळखी मानव होता. पुरुष, निम्मं नातं. आणि ठिपका हिरवा होता.

तिनं सण संपेपर्यंत वाट पाहिली नाही. कुणी रागावेल याची पर्वा न करता गाळणी बदलली, पुन्हा हवा ओढली. हिरवा. गोचाच्या श्वासाशी गल्लत? गोचा खालच्या पट्टीत वेगळा दिसत होता. चहाच्या वाफेतून ओढ्यातले कण हवेत आले असतील? येऊ देत, पण मग ते करडे असायला हवेत. बर्फात गोठलेलं प्रेत नव्या चिठ्ठ्या लिहीत नाही. पाण्यानं हिरवा ठिपका होत नाही, वाऱ्यानं होत नाही, आईच्या हाकेनंही होत नाही. तिला जेवढं शास्त्र येत होतं तेवढं सगळं तिनं आठवून पाहिलं, आणि ते संपलं.

मावशी केव्हा मागे येऊन उभ्या राहिल्या ते तिला कळलं नाही. त्यांनी पडदा पाहिला. हिरव्याचा अर्थ त्यांना ठाऊक होता.

"आला," त्या म्हणाल्या.

पुढचे काही दिवस ते घर बदलून गेलं. मावशी गाणी म्हणू लागल्या. बेकाला आवडायचे म्हणून मांस भरलेले पाव झाले. त्याच्याशी त्या बोलायच्या, आणि ते बोलणं दुःखातलं नव्हतं, घरातलं होतं. तुझ्या मित्राला जुळं झालं. वरच्या आळीतली ती पोरगी, तिचं लग्न झालं, तू बसलास वाट बघत. कस्तुरीनं एकदा नाक उचलून खोलीभर फिरवलं. दाराशी ठिपका पुसट होता, खिडकीशी त्याहून पुसट. मेजाच्या टोकाला असलेल्या रिकाम्या खुर्चीपाशी तो इतका ठळक झाला की तिनं यंत्र तसंच उचलून जागच्या जागी नेऊन ठेवलं आणि पुन्हा ते फिरवलं नाही.

कुत्रं घरात येईनासं झालं. गोचा जेवण बाहेर ओट्यावर, थंडीत उभ्यानंच उरकायचा.

"तुला आनंद नाही झाला?" कस्तुरीनं त्याला विचारलं.

"दरवर्षी येतात ते," गोचा म्हणाला. "माझे वडील आले असतील, आजी आली असेल. आम्ही कधी बघितलं नाही. बघायचं नसतं. वाढायचं, वाट बघायची आणि निरोप द्यायचा. तुझ्या डब्यात बाकीचे कुणी दिसतात का?"

"नाही. त्यांचा एक कणही यंत्रात आला नाही. यंत्राला फक्त बेका..." ती थांबली.

"फक्त बेका सापडला. आता आईला बाकीचे आठवतसुद्धा नाहीत."

निरोपाच्या सकाळी दार पुन्हा सताड उघडलं. सगळे एकदम जात नाहीत म्हणे. म्हातारे, लंगडे, लेकुरवाळे मागे राहतात, म्हणून दार घाईनं लावायचं नाही. घरात बर्फाची हवा भरली होती. गोचानं एकेकाचं नाव घेऊन निरोप दिला आणि तो अंगणात गेला. मावशी दाराच्या कडीवर हात ठेवून उभ्या होत्या. आजवर दार कधी लावायचं हे त्यांनी मनानं ठरवलं असेल, चूल विझायला आली, पाय गारठले, आता गेले असतील, असं म्हणून. या वेळी त्यांनी मान वळवून कस्तुरीकडे पाहिलं.

"गेला का ग?"

कस्तुरीनं पडदा पाहिला. हिरवा. पहिल्या दिवसापेक्षा ठळक.

खरं सांगितलं तर या दार लावणार नाहीत, आज नाही, उद्या नाही. त्यांचा सण संपणारच नाही. इतकी वर्षं जिवंत मुलाची वाट पाहण्यात गेली, उरलेली मेलेल्याला निरोप न देण्यात जातील. या सणाला शेवट होता तो कुणाला काही दिसत नव्हतं म्हणून, आणि तिनं इथे एक नाक आणून ठेवलं होतं. हे सगळं तिच्या मनात आलं आणि ती मावशींच्या डोळ्यांत बघून म्हणाली,

"गेला, मावशी."

मावशींनी तिच्याकडे जरा वेळ पाहिलं. मग दार लावलं आणि कडी घातली. चार वाडगे त्यांनी घासून फळीवर ठेवले. पाचवा मेजावरच राहिला. विसरल्या असतील, असं कस्तुरीला वाटलं.

काही दिवसांत तिचा मुक्काम संपला. निघताना मावशींनी तिला छातीशी धरलं, तेव्हा त्यांचे हात फार गार लागले. दोन्ही नाकं वसंतापर्यंत तिथेच राहणार होती; माहिती तारेविना विद्यापीठात येत राहणार होती. सही मोडल्याची गोष्ट तिनं कुणाला सांगितली नाही, आणि कुणी विचारलं नाही.

फेब्रुवारीत ती प्रबंधाच्या कामाला लागली. ओढ्यातला करडा ठिपका नाहीसा झाला होता. तिला आधी सुचलं ते कारण तिनं मानलं: कडाक्याची थंडी, वितळणं बंद, पाण्यात काही येत नसणार. घरातले आकडे उघडायचं ती टाळत होती. शेवटी प्रबंधात ते हवे होते म्हणून उघडले.

अनोळखी मानव हिरवाच होता. रोज थोडा अधिक हिरवा. खालच्या पट्टीत गोचाचा ठिपका काही दिवसांनी गेला. खालच्या शहरातल्या एका हॉटेलात त्याला काम मिळालं होतं, हे तिला ठाऊक होतं. मावशींचा ठिपका पट्टीत होताच. निरोपाच्या दिवशी हिरवागार. मग फिका. मग इतका फिका की हिरवा म्हणावा की नाही असा प्रश्न पडावा. शेवटच्या आठवड्यात तो करडा होता.

कस्तुरीनं आकडे तसेच उघडे ठेवले. तिनं गोचाला फोन लावला.

"घरी जा. आत्ताच्या आत्ता. मावशींना काहीतरी झालंय."

"काही नाही झालं. कालच बोललो मी तिच्याशी."

"जा तू."

रस्ता बर्फानं भरलेला होता. गोचाला पोचायला दुपार उलटली. त्याचा फोन आला तेव्हा कस्तुरी खिडकीशी उभी राहून वाटच बघत होती.

"आई बरी आहे," तो म्हणाला. तो कुजबुजत होता. "समोर बसली आहे. पाव कुस्करतेय. मला बघून हसली, वाळलास म्हणाली. घर अगदी नीट आहे. पण ती सणापासून बाहेर पडलेली नाही, कस्तुरी. शेजारीण गाईंचं बघते. कडी आत्ता माझ्यासाठी काढली, मी आत आलो तशी पुन्हा घातली."

"नाक कुठे आहे?"

"चुलीपाशीच."

"जवळ जा. काय दिसतं ते सांग."

पावलं वाजली.

"माझा ठिपका आलाय. हिरवा," गोचा म्हणाला. "त्याचाही हिरवा आहे."

"आणि मावशींचा?"

"ती माझ्यापासून दोन हातांवर बसली आहे. खातेय. तिच्या तोंडातून..." तो दोन पावलं मागे सरकला. "घरात एवढी थंडी, मी बोललो की माझ्या तोंडातून वाफ निघते. तिच्या नाही निघत. कस्तुरी, मी दार उघडू का? उघडलं तर कोण जाईल?"

कस्तुरीनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मावशींना फोन दे."

"पोरी!" मावशींचा आवाज नेहमीसारखाच, हसरा. "कशी आहेस? जेवतेस ना नीट? आम्ही मजेत आहोत हं इथे."

"मावशी, माझं चुकलं. त्या दिवशी तुम्ही विचारलंत, तेव्हा मी खोटं बोलले. तो गेला नव्हता. तुमचं भलं होईल म्हणून बोलले मी. आता गोचाला दार उघडू द्या. त्याला जाऊ द्या, मावशी. तुमच्या पाया पडते."

पलीकडे कुणीतरी खुर्ची मागे सरकवली. गोचा असेल.

"तू खोटं बोललीस ते मला तेव्हाच कळलं होतं, बाळा," मावशी मायेनं म्हणाल्या. "म्हणून तर मी दार लावलं."